वाईन शॉपमध्ये वाईन कुठं असते?

मंडळी, एक साधा प्रयोग करून बघा. आपल्या भागातल्या कुठल्याही 'वाईन शॉप'मध्ये जा आणि जाळीपलीकडच्या पोराला म्हणा, "वाईन द्या." तो दोन सेकंद थांबतो. मग विचारतो, "वाईन म्हणजे... वाईन?"

त्याची चूक नाही. आपल्याकडे वाईन शॉप म्हणजे दारूचं दुकान. क्वार्टर, बिअर, रम, व्होडका सगळं तिथं मिळतं आणि पाटीवर नाव मात्र वाईनचं. खरी वाईन सगळ्यात वरच्या फळीवर असते. ती काढायला स्टूल लागतं. पोरगा स्टूलवर चढतो, बाटलीवरची धूळ शर्टाच्या बाहीला पुसतो आणि काउंटरवर ठेवतो. जानेवारीत बाटली गार लागते, एप्रिलमध्ये चहाच्या कपासारखी कोमट. मला या कोमट बाटलीबद्दलच बोलायचंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. शिव्या घालायच्या असतील तर पूर्ण वाचून घाला.

मी नाशिकचा. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या 'नाशिक व्हॅली वाईन'ला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथला. तरी वयाच्या पस्तिशीपर्यंत मला वाईनमधलं काही कळत नव्हतं. आमच्या घरात वाईन म्हणजे गोव्याहून कुणीतरी लपवून आणलेली 'पोर्ट'. लाल, गोड, खोकल्याच्या औषधासारखी. ती बायकांनाही चालते, असं तेव्हा समजलं जायचं. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या डोरू नदीच्या खोऱ्यात होते आणि तिच्यात ब्रँडी घालून आंबण्याची क्रिया मध्येच थांबवतात, हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत लाल वाईन गोडच असते असा माझा ठाम समज होता. त्यामुळे गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पहिल्यांदा शिराझ तोंडात घेतली तेव्हा चेहरा असा झाला, की समजावून सांगणारी मुलगी हसली. तुरट. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशी.

ती मुलगी ग्लास फिरवायला सांगत होती, वास घ्यायला सांगत होती. "ब्लॅककरंट जाणवतंय का? गूजबेरी?" आता ब्लॅककरंट मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही. गूजबेरीसाठी घरी येऊन डिक्शनरी उघडली तर त्यात 'आवळा'. पुढचा महिनाभर मी सोव्हिन्यों ब्लाँमध्ये आवळा शोधत होतो. सापडेल कसा? त्यांची गूजबेरी वेगळी, आपला आवळा वेगळा.

मग एक दिवस ठरवलं की पुस्तकातली फळं सोडायची आणि आपल्या नाकाला काय येतं ते आपल्याच शब्दांत वहीत लिहायचं. तिथून गंमत सुरू झाली. सोव्हिन्यों ब्लाँला हिरव्या मिरचीचं देठ मोडल्यावर येतो तो वास, थोडा अर्धकच्च्या पेरूचा. चेनिन ब्लाँला पिकलेला अननस, आणि बाटली चांगली असेल तर मागून मधाचा हलका वास. शिराझला जांभूळ आणि ताजे कुटलेले मिरे. मिऱ्याचं मला वाटलं माझीच कल्पना असेल, पण नाही. जे रसायन मिऱ्यात असतं तेच शिराझच्या सालीत सापडतं. कॅबर्नेला ढोबळी मिरची, करवंद, आणि जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा वास. ज्याला इंग्रजीत टॅनिन म्हणतात त्याला आपल्याकडे 'तुरट' हा एवढा चांगला शब्द आहे, आवळा-हरडा खाऊन वाढलेल्या माणसाला तो कुणी शिकवायला नको. आपल्या लोकांना वाईन 'कळत नाही' असं जे म्हणतात, त्यातलं निम्मं मला आता खोटं वाटतं. कळतं. शब्द दुसऱ्याचे दिल्यामुळे कळत नाही.

दुसरा शोध तापमानाचा. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं सगळे सांगतात. मीही इमानदारीत कपाटातून काढून प्यायचो. मे महिन्यात. नाशकातल्या मे महिन्यात माझ्या हॉलचं तापमान पस्तिशीला टेकलेलं असतं. त्या तापमानाला रेड वाईनमधून नुसता अल्कोहोलचा भपका येतो, नाकात झिणझिण्या. 'रूम' म्हणजे युरोपातली जुनी दगडी खोली, सोळा-अठरा अंशांची, हे कुणी सांगतच नाही. आता मी रेडची बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो. हॉटेलात असं मागितलं की वेटर 'बिचारा, याला माहीत नाही' अशा नजरेनं बघतो. बघू दे.

खाण्याबरोबरचं तर विचारूच नका. चीझ-बिझ आपल्या घरात कुठं असतं? साबुदाणा वड्याबरोबर स्पार्कलिंग घेऊन बघा, तळलेल्या तेलकटपणावर ते बुडबुडे काय काम करतात! कोळंबीच्या कालवणाबरोबर किंचित गोडसर चेनिन. मिसळीबरोबर मात्र काहीही चालत नाही. मी सहा वेळा प्रयत्न केलाय. मिसळीबरोबर ताकच.

आता मुद्द्यावर येतो.

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी घरी आंधळी चाचणी केली. पाच बाटल्या, पाचही रद्दी पेपरात गुंडाळलेल्या, नंबर टाकलेले. ग्लास सगळे सारखे. एक बाटली परदेशी, मित्राच्या भावानं ड्यूटी फ्री दुकानातून आणलेली. बाकीच्या चार आपल्याच जिल्ह्यातल्या. त्यात मी एक खोडी केली होती. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच वर्षाची शिराझ दोनदा ठेवली होती. एक थेट वायनरीतून आणलेली, दुसरी शहरातल्या एका वाईन शॉपमधून, तीच ती वरच्या फळीवरची.

परदेशी बाटली चौथी आली, ते सोडा. त्याची मजा आम्ही अजून घेतो. पण वायनरीतून आणलेली शिराझ चौघांपैकी तिघांनी पहिल्या नंबरला ठेवली आणि दुकानातून आणलेली तीच शिराझ सगळ्यांनी शेवटी. एकालाही ओळखू आलं नाही की दोन्ही एकच आहेत. मला स्वतःला आलं नाही! दुकानातलीला शिजवलेल्या मनुकांचा वास होता, चव सपाट, रंग कडेला विटकरी. पेपर काढल्यावर आम्ही चौघंही लेबलकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेलो. भांडायला नाही, सांगायला. त्यानं ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून विचारलं, "साहेब, दारू कधी खराब होते का?"

व्हिस्की नाही होत. रम नाही होत. चाळीसच्या वर टक्के अल्कोहोल असलेली बाटली बंद असेल तर वर्षानुवर्षं तशीच राहते. वाईनमध्ये अल्कोहोल बारा-तेरा टक्के, बाकी सगळा द्राक्षाचा रस आंबून झालेला. ती खराब होते. उष्णतेनं होते, उजेडानं होते, बूच वाळून आत हवा गेली की होते. म्हणून बूच असलेली बाटली आडवी ठेवतात. आपल्याकडच्या बऱ्याच वायनरींनी बूच सोडून फिरकीचं झाकण आणलं, लोकांना ते 'स्वस्तातलं' वाटतं, पण आपल्या हवेला ते जास्त शहाणपणाचं आहे. तरी उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये दोन महिने पडलेल्या बाटलीला झाकण काय करणार? दूध विकणाऱ्याला आपण विचारतो, फ्रिज आहे का. वाईनचं तेच आहे, फक्त दुधाइतक्या झटपट नासत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन बाटली उघडतं, तोंड वाकडं करतं आणि म्हणतं, आपल्या नाशिकची वाईन काही खास नाही. मीही दहा वर्षं तेच म्हणत होतो.

आता 27 जानेवारी 2022 आठवा. राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या बंद कपाटात वाईन विकता येईल. शाळा-मंदिरांजवळ नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात नाही. त्यानंतर काय गदारोळ झाला ते तुम्हाला माहीत आहे. विरोधी बाकावरच्यांनी राज्याचं मद्यराष्ट्र करताय म्हणून झोडपलं. सत्तेतल्यांनी वाईन म्हणजे दारू नव्हेच असं सांगितलं. अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत होते, मग थांबले. हरकती मागवल्या गेल्या. जूनमध्ये सरकारच बदललं आणि तो विषय तिथंच राहिला.

मी तेव्हा इथंच त्या निर्णयाच्या बाजूनं पोस्ट लिहिली होती. जुने लोक विसरले नसतील. दीडशे कमेंट आल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच शिव्या होत्या, त्या मी विसरलो. एक फोन मात्र विसरलो नाही. माझ्या मावशीचा. निफाड तालुक्यात असते. तिला फेसबुक नाही, माझ्या मावसभावानं तिला पोस्ट वाचून दाखवली होती.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, दारूनं गेले. वाईननं नव्हे, देशीनं. शेवटची दोन वर्षं मी बघितली आहेत, पोट फुगलेलं आणि डोळे हळदीसारखे. त्यानंतर मावशी गावातल्या 'आडवी बाटली'च्या कामात उतरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावातल्या बायकांनी मागणी केली की मतदान घेता येतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, आणि निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. मावशी त्या मतदानासाठी उन्हात दारोदार फिरली होती.

फोनवर ती एवढंच म्हणाली, "तुझं बरोबर असंल रे. तू शिकलेला. पण किराणा घ्यायला मीच जाते ना? पोराला घिऊन जाते. तिथं नको."

मी तेव्हा तिला बारा टक्के, बेचाळीस टक्के असलं काहीतरी समजावायला गेलो. आज लाज वाटते. कारण तिचं म्हणणं टक्क्यांबद्दल नव्हतंच. दारूचं दुकान वेगळं असतं, तिथं जाळी असते, तिथं जाताना चार लोक बघतात, या सगळ्याची तिला मदत होती. ती भिंत तिनं बांधलेली नव्हती, पण तिच्या संसारात तिला टेकायला तेवढीच भिंत होती.

आणि 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे तर मला कधीच पटलं नाही, निर्णयाच्या बाजूनं लिहितानाही नाही. वाईन ही दारूच आहे. ती कमी कडक आहे, सावकाश प्यायची आहे, जेवणाबरोबरची आहे, सगळं खरं. पण अर्ध्या बाटलीनंतर मी गाडी चालवत नाही, म्हणजे काय ते समजा. हृदयाला चांगली वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्येच सांगून टाकलंय की अल्कोहोलचं अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. मला वाईन आवडते म्हणून मी पितो. औषध म्हणून पीत नाही आणि कुणाला तसं सांगतही नाही. गाणं आवडतं तसं आवडतं. यापेक्षा मोठं कारण द्यायला गेलं की माणूस खोटं बोलायला लागतो, आणि सरकार तर लगेच.

गंमत बघा, सुपरमार्केटच्या बाजूनं जो एक खरा मुद्दा होता तो कुणी मांडलाच नाही. सुपरमार्केटमध्ये एसी असतो! बाटली भाजली नसती. त्या सगळ्या चर्चेत बाटलीबद्दल कुणी बोललं नाही. सगळे शेतकऱ्याबद्दल बोलत होते.

तर शेतकऱ्याबद्दल बोलू.

माझा शाळेतला एक मित्र दिंडोरी तालुक्यात द्राक्ष करतो. एकूण सात एकर, त्यातली पाच एकर खायची द्राक्षं, दोन एकर वाईनची, शिराझ. खायच्या द्राक्षाचा मांडव असतो, मणी मोठे, बिनबियांचे, पातळ सालीचे. वाईनच्या द्राक्षाचा मणी करवंदाएवढा, आत बिया, साल जाड. तोंडात टाकलं तर तुम्ही थुंकाल. पण रंग, वास, तुरटपणा सगळा त्या सालीतच असतो. छाटण्या दोन, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. युरोपात उन्हाळ्यात द्राक्ष पिकतं, आपल्याकडे हिवाळ्यात पिकवून जानेवारी ते मार्चमध्ये खुडा करतात. दिवसा ऊन, रात्री थंडी, तीच नाशिकची ताकद. आणि फेब्रुवारीत अवकाळी आला, गारपीट झाली, की तीच कमजोरी. वाईनच्या द्राक्षाला एक फायदा, मणी दिसायला देखणा असण्याची गरज नाही. आणि व्यापारी माल उचलून पळून गेला, ही भीती नाही, करार असतो. म्हणून त्यानं ते दोन एकर ठेवलेत.

आता हिशोब. साडेसातशे मिलीच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं. मित्राला गेल्या हंगामात किलोला चाळीसच्या आसपास मिळाले. म्हणजे बाटलीमागे पन्नास रुपये. ती बाटली मी आठशेला घेतो. उरलेल्या साडेसातशेत कंपनीचा खर्च आहे, टाक्या, यंत्रं, काच, लेबल, वाहतूक, दुकानदार, कर, जाहिरात. मी म्हणत नाही की कंपनी लुटते. वाईनमध्ये भांडवल वर्षानुवर्षं अडकतं, हे मला माहीत आहे. पण 'शेतकऱ्याच्या हितासाठी' म्हणून जेव्हा निर्णय येतो, तेव्हा हे पन्नास रुपये लक्षात ठेवा. शिवाय राज्यात जेवढं द्राक्ष पिकतं त्यातला अगदी छोटा हिस्सा वाईनला जातो. बाकी खायला, निर्यातीला आणि बेदाण्याला. द्राक्षवाल्याचं खरं दुखणं औषधांचा खर्च, अवकाळी आणि पळून जाणारा व्यापारी हे आहे. सुपरमार्केटमधल्या कपाटानं त्यातलं एकही बरं होणार नव्हतं.

आणि वाईनवाल्या शेतकऱ्यांनी एकदा पोळून घेतलेलं आहे. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क केले. त्याआधी, 2000 साली, सुलाची पहिली वाईन बाजारात आली होती. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला स्पार्कलिंग होत होती आणि ती परदेशात जात होती. सगळीकडे उत्साह. शेतकऱ्यांनी खायची द्राक्षं काढून शिराझ-कॅबर्ने लावली, काहींनी स्वतः वायनरी काढायला कर्ज घेतलं. मग 2008 ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, विक्री बसली. वायनऱ्यांनी माल उचलणं थांबवलं. मित्राच्या शेजारच्या बांधावर त्या वर्षी जेसीबी लावून वेली उपटल्या. चार वर्षांची झाडं. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन खायला विकता येत नाही, बिया असतात ना. कंपनीनं नाही म्हटलं की संपलं. सरळ बांधावर.

त्यानंतर बरंच सावरलं, हे मान्य. विक्रीकराच्या परताव्याची योजना आली, वीस टक्क्यांतले सोळा टक्के वायनरीला परत. मध्ये ती बंद पडली, मग 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. पर्यटन वाढलं. देशातली पहिली टेस्टिंग रूम 2005 साली नाशकात उघडली, आज शनिवार-रविवारी गंगापूर रोडला मुंबईच्या गाड्यांची रांग असते. अकलूजला इटालियन वाणांची शेती उभी राहिली. चांगली वाईन होते आहे, हे मी माझ्या वहीच्या भरवशावर सांगतो, कुणाच्या जाहिरातीच्या नाही.

पण दुसऱ्या बाजूनं पाणी चढतंय. परदेशी वाईनवर दीडशे टक्के आयात शुल्क होतं, ते आपल्या लोकांचं छप्पर होतं. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला, त्यात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं शुल्क लगेच शंभरवर आलं आणि दहा वर्षांत पन्नासवर येणार आहे. महागड्या बाटलीचं त्याहून खाली. म्हणजे आणखी काही वर्षांनी वरच्या फळीवर आपल्या शिराझच्या शेजारी ऑस्ट्रेलियाची शिराझ थोड्याच फरकानं उभी असेल. ती समुद्रमार्गे आली तरी बहुतेक थंड कंटेनरमधून येईल. आणि आपली दिंडोरीहून वीस-पंचवीस किलोमीटर उघड्या टेम्पोतून, दुपारच्या उन्हात.

म्हणून माझं आताचं म्हणणं वेगळं आहे. 2022 ची माझी पोस्ट मी मागे घेतो असं नाही, पण तिच्यातला अर्धा भाग घेतो. वाईन किराण्यात नको. मावशी बरोबर होती. पण जिथं आज विकायला परवानगी आहेच, त्या दुकानाला वाईन ठेवायची तर एक गार कपाट सक्तीचं करा. पंधरा-सोळा अंशांचं, काचेला गडद फिल्म लावलेलं. कोल्ड्रिंकच्या कंपन्या गल्लीतल्या टपरीला फ्रिज देतात, वाईनच्या कंपन्यांना दुकानात कपाट देणं जमणार नाही? उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक दुकानात येतातच, स्टॉकचं रजिस्टर बघतात. दोन मिनिटं कपाटाचा थर्मामीटर बघायला काय हरकत आहे? ज्याला कपाट नको त्यानं वाईन ठेवू नये आणि पाटीवरून वाईन हा शब्दही काढावा. माझ्या मते हे दुसरं जास्त अवघड जाईल.

दुसरं म्हणजे लेबल. द्राक्ष कोणत्या वर्षी खुडलं ते ठळक असलं पाहिजे. काही बाटल्यांवर असतं, काहींवर भिंगातून शोधावं लागतं, काहींवर नसतंच, फक्त बाटलीत कधी भरलं ते. पाच-सहाशे रुपयांची पांढरी वाईन ताजी प्यायची असते, दोन वर्षांत संपवायची. मला एकदा एका दुकानात चार वर्षं जुनी सोव्हिन्यों ब्लाँ मिळाली, दुकानदार म्हणाला, "जुनी आहे साहेब, भारी असणार." उघडली तर सफरचंद कापून विसरल्यासारखी. जुनी तेवढी भारी, हे सगळ्या वाईनला लागू नाही. फार थोड्यांना लागू आहे, आणि त्यांनाही नीट ठेवली तरच.

तिसरं, करार. कराराची प्रत शेतकऱ्याच्या हातात मराठीत पाहिजे आणि कंपनीनं ऐन हंगामात माल उचलला नाही तर काय, हे त्यात लिहिलेलं पाहिजे. मित्राच्या करारात हे कलम आहे. त्याच्या चुलतभावाच्या, दुसऱ्या कंपनीच्या करारात नाही. परताव्याचे पैसे सरकार देतं ना? मग ही अट घालून द्या.

तोपर्यंत मी कसं घेतो ते सांगतो, बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये विचारलंय. शक्य तितकं थेट वायनरीतून, आणि तेही डिसेंबर-जानेवारीत वर्षाचं एकदम. दुकानातून घ्यायची वेळ आली तर वरच्या फळीवरची नाही, पोराला गोड बोलून गोडाऊनमधल्या खोक्यातली काढायला सांगतो. वर्ष बघतो. उन्हाकडे तोंड असलेलं दुकान असेल तर मार्चनंतर तिथं जातच नाही. गाडीच्या डिकीत बाटली ठेवून दुसरी कामं करायची नाहीत, मी तीन बाटल्या अशा घालवल्यात. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायची, नाहीतर मटणात घालायची. आणि परवाना. आपल्या राज्यात 1949 च्या कायद्यानं प्यायला परवाना लागतो, हे निम्म्या पिणाऱ्यांना माहीतच नसतं. काढून ठेवा, शंभरात वर्षभराचा होतो.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. माझा तो दिंडोरीचा मित्र माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी वारी. वीस वर्षं शिराझ पिकवतोय आणि एक थेंब कधी चाखलेला नाही. खुड्याच्या वेळी साखर मोजायचं यंत्र डोळ्याला लावतो, मणी चावून बी किती तपकिरी झाली ते बघतो, पण बाटलीतलं काही नाही. मला मात्र दर वर्षी विचारतो, "यंदाची कशी झाली रे?" मी त्याला सांगतो, जांभूळ जास्त आहे, मिरे कमी, तुरटपणा जरा अंगावर येतो. तो मान हलवतो. "त्या वर्षी डिसेंबरात थंडीच पडली नव्हती," म्हणतो. त्याचं आणि माझं जमतं ते असं.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. पुढच्या खरड छाटणीच्या आधी ते दोन एकर ठेवायचे की काढायचे, हे त्याला ठरवायचंय. कराराचं नूतनीकरण आलंय आणि भाव तोच आहे. मी त्याच्याच द्राक्षाची म्हणून एक बाटली बरोबर नेली होती, दाखवायला. त्यानं चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि मागचं लेबल सावकाश वाचलं. मग पुढचं वाचलं. परत मागचं.

"आपल्या गावाचं नाव कुठाय यात?" त्यानं विचारलं.

मीही शोधलं. कंपनीचा पत्ता होता.